सहावी पुंगळी

अर्जुनी मोरगाव
१६ नोव्हेंबर २००९

प्रिय खुमेंद्र,

पाकिटावर मागच्या बाजूला नाव घातलेलं नाही. घातलं असतं तर तू फोडलंच नसतं. आता फोडलं आहेस तर वाच. फाडायचं असेल तर शेवटी फाड, मध्येच नको, कारण मला सरळ रस्त्यानं काही सांगता येत नाही हे तुला माहीत आहे. नववीत भूगोलाच्या पेपरात मी नर्मदेवर लिहायला बसलो आणि आमच्या चोरखमाऱ्याच्या तलावातल्या माशांवर चार पानं लिहून आलो होतो. हे तुला सांगितलं तेव्हा तू खूप हसला होतास. मास्तर हसले नाहीत.

मी इथं एका राईस मिलमध्ये आहे. दीड महिना झाला. मशीनचा पट्टा तुटला, बेअरिंग गेलं, की मला हाक मारतात. बाकी वेळ पोती उचलायची. आत्ता दुपारचं भारनियमन चालू आहे, तीन तास लाइट नाही, म्हणून सगळं थांबलेलं आहे. भुश्शाच्या ढिगाला टेकून हमाल झोपले आहेत. मी कोंड्याच्या पोत्यावर वही ठेवून लिहून राहिलो आहे. अक्षर वाकडं आलं तर पोत्याचा दोष. धान कापून झालं की इथली हवा अशी होते, की नाकातोंडात नुसती धूळ आणि नव्या तांदळाचा वास. रोज सकाळी मिलच्या मागून गोंदियाची गाडी जाते. रोज मी हातातलं काम सोडून तिच्याकडे बघतो. दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. तीन वर्षं मी रायपूर, कटनी, इटारसी, परत रायपूर, मग चंद्रपूरच्या बाजूला एका वीटभट्टीवर असा फिरलो, ट्रकवर क्लिनर झालो, एका सर्कशीच्या जनरेटरवर चार महिने राहिलो. एवढी जमीन तुडवून शेवटी या गावात येऊन बसलो, आणि ही शेवटची दोन तासांची जमीन काही तुडवता येत नाही. थकलो आहे यार. शरीरानं नाही, शरीर चालतं. रोज संध्याकाळी उद्या कुठं जायचं याचा विचार करणारा जो एक माणूस आत असतो ना, तो थकला आहे.

पंधरा दिवसांपूर्वी बस स्टँडवर मला रुख्मामावशी भेटल्या. सेवकराम मिस्त्रींची बायको. त्यांचं माहेर इथून दोन कोसांवर आहे, भाऊबीजेला आल्या होत्या त्या राहिल्याच होत्या आणि आता परत जायला गाडी पाहत होत्या. मी आधी खांबामागं झालो. खोटं कशाला सांगू. पण त्यांनी पाहिलं होतं. म्हणाल्या, "काऊन रे दुर्गेश, खांबाले टेका देऊन राहिला का?" मग जवळ बसवलं, पिशवीतून चकल्या काढल्या आणि म्हणाल्या, "हाडं निंगाले तुहे. जेवत नाईस का?" एवढंच. एवढ्या दिवसांत कुठं होतास, चिठ्ठी का नाही टाकलीस, काही नाही. मी चकल्या खाल्ल्या. त्या सांगत गेल्या.

तेवीस तारखेला, सोमवारी, मिस्त्रींच्या केसची तारीख आहे आणि त्या दिवशी तुझी साक्ष आहे हे मला त्यांनीच सांगितलं. परवानगी नसताना काडतूस भरलं आणि त्यामुळं तुझा हात गेला, असे दोन आरोप. वकील म्हणतो, पहिल्यातून सुटका नाही, कारण भरलं ते खरंच आहे, पण त्यात थोडक्यात निभावेल. दुसऱ्यात तू काय बोलतोस यावर सगळं आहे. तू जर म्हणालास की या म्हाताऱ्याच्या कामामुळं झालं, तर ते आत जातील. एकसष्ट वर्षं वय आहे. मी विचारलं, मिस्त्री काय म्हणतात. तर म्हणाल्या, "ते काय म्हणते? बरोबर आहे म्हणते. माह्याच हातानं झालं म्हणते."

तुला वाटेल, तेवढंच ऐकून मी लिहायला बसलो. नाही. तेवढं ऐकूनसुद्धा मी पंधरा दिवस पोती उचलत होतो. पुढं त्यांनी जे सांगितलं ते मला झोपेत दिसून राहिलं आहे. ते शेवटी लिहितो. आत्ता लिहिलं तर बाकीचं राहून जाईल.

गोंदियात तुझी खोली मिस्त्रींच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानाच्या बाजूच्या गल्लीत होती. पहाटे पाचला तू गोळा फेकायचास आणि तो गोळा आमच्या पत्र्याच्या भिंतीवर येऊन आदळायचा. मी दुकानातच झोपायचो. शिव्या देत बाहेर आलो तर तू म्हणालास, पोलीस भरती आहे, चल पळायला. मी तीन दिवस पळालो. चौथ्या दिवशी रस्त्यात एक माणूस अस्वल घेऊन जात होता, मी त्याच्या मागं गेलो आणि माझी भरती तिथं संपली. तू मात्र थांबला नाहीस. सोळाशे मीटर पाच मिनिटं वीस सेकंदांत. मला अजून पाठ आहे, कारण घड्याळ माझ्या हातात असायचं. तू म्हणायचास, पाच-दहा झाली की झालो मी पोलीस. पाच-बारापर्यंत आला होतास. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी.

मिस्त्रींचं दुकान तू बाहेरूनच पाहिलंस. आत ये म्हटलं तर तेलाचा वास येतो म्हणायचास. बँकेच्या चौकीदारांच्या बंदुका, शेतावर रानडुकरं हाकायच्या एकनाळी, कधी एखादी जुनी रायफल. दुरुस्तीचं लायसन भिंतीवर काचेत लावलेलं आणि त्यावर मिस्त्रींचा काळ्या केसांचा फोटो. आम्हाला नेहमी तो फोटो दाखवायचे. म्हणायचे, "काम कोणाच्याई हाताचं असो, नाव या फोटोवाल्याचं जाते." मी आलो तेव्हा मला लेथ येत होतं, राईस मिलच्या वर्कशॉपमध्ये शिकलो होतो, पण हात शिकलेला नव्हता. हात त्यांनी शिकवला. डोळे मिटायला लावायचे आणि दोन पिना हातात देऊन विचारायचे, जाड कोणती. केसाएवढा फरक. मी चुकलो की पुन्हा. म्हणायचे, "डोळे लबाड असते बापू, बोट लबाड नसते." आणि एक रीत होती, ती तुला सांगितलीच पाहिजे. कुठलाही नग पूर्ण झाला, तपासून झाला, की त्याच्या बुडाला पंचानं एक ठिपका मारायचा. ठिपका असला म्हणजे त्या नगाचं काम संपलं, आता तो पुन्हा हातात घ्यायचा नाही. ठिपका नसला तर तो ट्रेमध्ये जाणार नाही. एवढ्या छोट्या दुकानात दुसरी लिखापढी नव्हती. ठिपका हीच लिखापढी.

आता तुझ्या आजोबांचं रिव्हॉल्व्हर. दवनीवाड्याला तू मला पहिल्यांदा नेलंस त्या दसऱ्याला मी ते पाहिलं. मोहनलालजी पाटावर तलवार, विळे, कुऱ्हाड, ट्रॅक्टरचा पाना आणि मध्ये ते इंग्रजांच्या जमान्यातलं रिव्हॉल्व्हर मांडून बसले होते. हळदीकुंकू झालं आणि मग त्यांनी माळव्याहून आपले पूर्वज कसे आले ते सांगितलं. पहिल्या वर्षी मी ऐकलं तेव्हा त्यांच्यासोबत चाळीस घोडे होते. दुसऱ्या वर्षी साठ झाले. तुझी आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती. आणि मग तुमच्या घरची रीत, घरातल्या थोरल्या माणसानं अंगणाच्या टोकाला उभं राहून बोडीच्या, त्या छोट्या तळ्याच्या, दिशेनं वर एक गोळी झाडायची. एकच. पाणकोंबड्या, बगळे, सगळं आभाळभर उडायचं आणि मगच गाव सोनं वाटायला बाहेर पडायचं. मला ती गोळी फार आवडली होती. वर्षभर गप्प राहून एकदाच बोलणारा माणूस असावा तशी.

पण त्या बोअरची, म्हणजे त्या नळीच्या मापाची, काडतुसं आता बाजारात येत नव्हती. मोहनलालजी वडिलांच्या वेळच्या झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या जपून होते, त्याच दर वर्षी नागपूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून भरून आणायचे. तो माणूस मेला आणि त्याच वर्षी शेवटच्या पुंगळीला तोंडापाशी चीर गेली. पितळ म्हातारं झालं की तसं होतं. तू मला दुकानाच्या दारात येऊन सांगितलंस, की या दसऱ्याला गोळी झडणार नाही, आजोबा जेवत नाहीत. त्यांना लकवा मारून सहा महिने झाले होते. उजवा हात हलत नव्हता. या वर्षी गोळी तू झाडायची असं त्यांनीच ठरवलं होतं. तेव्हा मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. म्हणालो, आमचे मिस्त्री एका बोअरची पुंगळी दुसऱ्या बोअरची करतील, त्यांना काय अशक्य आहे. मिस्त्रींना विचारलंसुद्धा नव्हतं. फुशारकी होती. आपल्या उस्तादाच्या नावानं मारलेली, म्हणजे आपली नाही असं वाटतं, पण असते आपलीच.

मिस्त्रींनी तीनदा नाही म्हटलं. पहिल्यांदा तुझ्या बाबांना, दुलीचंदजींना, म्हटलं, की माझं लायसन दुरुस्तीचं आहे, भरायचं नाही. दुसऱ्यांदा मला म्हटलं आणि वरून शिव्या दिल्या. तिसऱ्यांदा मोहनलालजी स्वतः जीपमध्ये बसून आले. जीपमधून उतरता आलं नाही, तर मिस्त्री रस्त्यावर उभे राहून त्यांच्याशी बोलले. तेव्हाही नाहीच म्हणाले. पण ती चिरलेली पुंगळी त्यांनी हातात घेतली, आणि तिथंच फसले. संध्याकाळी पाहतो तर चष्मा कपाळावर चढवून तिच्यावरून बोट फिरवत बसले होते. रुख्मामावशी म्हणाल्या, "कायले त्या पितळेच्या नादी लागता?" तर ऐकूच आलं नाही. कारागिराला नाही म्हणता येतं, पण काम पाहून झालं की नाही म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जातीच्या काही लांब पुंगळ्या कुठूनतरी आल्या.

पहिली त्यांनी स्वतः केली. नमुना. ती रिकामीच ठेवली, भरली नाही. मला देऊन म्हणाले, हिच्यासारख्या सहा कर. कापून आखूड करायची, बुडाची कड उतरवायची, तोंड तापवून नरम करायचं, म्हणजे पुन्हा चिरत नाही. हे सगळं बाहेरून दिसतं. एक काम दिसत नाही. लांब पुंगळी वर पातळ असते आणि खाली जाड होत जाते. आखूड केली की नवं तोंड जाड भागात येतं. ते आतून कोरून पातळ करावं लागतं. नाही केलं तर गोळी त्यात आवळून बसते, सुटायला जागा राहत नाही, आणि मागचा सगळा जोर बंदुकीवर येतो. मिस्त्रींनी मला हे एकदा नाही, तीनदा सांगितलं. बाहेरून सहाही सारख्या दिसतील, म्हणाले, म्हणून आत बोट घाल.

त्या दिवशी ते लायसनच्या नूतनीकरणासाठी कचेरीत गेले होते. मी दुपारपर्यंत पाच पूर्ण केल्या. पाचही अशा, की मीच खूश झालो. सहावी कापून झाली, कड उतरवून झाली, तोंड तापवून झालं, कोरायची राहिली. आणि तेवढ्यात बाहेरून कोणीतरी ओरडत गेलं, की छोट्या लाइनचं इंजिन ट्रेलरवर चढवून राहिले. तुला आठवते छोटी लाइन? बालाघाटकडे जाणारी, सायकलवाल्यानं मागं टाकावी अशी. ती बंद करून मोठी लाइन टाकली आणि जुनी इंजिनं यार्डात गवतात उभी होती. मी लहानपणी बाबांसोबत तिच्या दारात बसून गेलो होतो. मला ते पाहायचंच होतं. अर्ध्या तासात येतो असं स्वतःला म्हणालो. पण मिस्त्री माझ्या आधी आले आणि सहावी ट्रेच्या बाहेर दिसली तर म्हणतील, पाचच झाल्या, पोरगं उंडारायला गेलं. म्हणून मी सहावीलाही ठिपका मारला आणि ट्रेमध्ये इतरांच्या ओळीत ठेवली. आल्यावर काढीन आणि कोरीन, असं ठरवलं होतं. शपथ घेऊन सांगतो, ठरवलं होतं.

इंजिन चढवायला चार तास लागले. साखळदंड तुटला, मग दुसरी क्रेन आली, मग एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं इंजिनाला हार घातला आणि रडला. तो मला बाजूला घेऊन सांगत बसला, कुठल्या वळणावर किती वाफ द्यावी लागायची ते. तिथून कोणासोबत तरी चहा, मग दुर्गेच्या मंडपात. परत आलो तेव्हा मिस्त्री आलेले होते, ट्रे कपाटात गेला होता, कपाटाला कुलूप. दारूच्या आणि बुडाला ठिणगी पाडणाऱ्या टोप्यांच्या कामात ते मला जवळ येऊ द्यायचे नाहीत. दुसऱ्या सकाळी त्यांनी एकट्यानं सहाही भरल्या. सोनं तोलायच्या छोट्या काट्यावर दारू मोजून. मला मध्येच एकदा आठवलं होतं, की कपाट उघडलं की सहावी काढायची आहे. मग गिऱ्हाईक आलं. मग विसरलो. विसरलो हे खरं आहे. त्या दिवसापुरतं खरं आहे.

पुढचं तुला माहीत आहे. तुझ्या हाताला माहीत आहे. ताटात हळदीकुंकू लावून सहाही ओळीनं ठेवल्या होत्या आणि सहातून तू तीच उचललीस. मोठा आवाज झाला आणि वेगळा झाला, हे मला पक्षी उडायच्या आधी कळलं. काडतुसं बसतात ती चक्री फुटून एक तुकडा तुळशीच्या ओट्यात घुसला. तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठ्याचं पेर. तू खाली बसलास आणि आधी आजोबांकडे पाहिलंस, त्यांना तर काही झालं नाही ना. ओरडला नाहीस. जीपमध्ये तुझा हात मी माझ्या शर्टात धरून बसलो होतो, गोंदियाच्या दवाखान्यापर्यंत. वाटेत तू एकच विचारलंस, भरतीला किती दिवस राहिले.

मी दवाखान्यातून दुकानात गेलो तर मिस्त्रींना कळलेलं होतं. ते काट्यासमोर बसले होते. म्हणाले, "दारू जास्त पडली असन. डोये गेले माहे." मग म्हणाले, पोलीस येतील, तुझं नाव लायसनवर नाही, तू इथं काम करत होतास हे कळलं तर तुलाही नेतील आणि माझंही वाढेल. पोळ्यापासूनच तू काम सोडून गेला होतास असं मी सांगतो. जा. खिशातले होते नव्हते तेवढे पैसे दिले. मी तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. ते म्हणाले, "बोलू नको, जा." आणि मला तेवढंच पाहिजे होतं. मी गेलो. नमुन्याची पुंगळी माझ्या पँटच्या खिशात होती, ती रायपूरला गेल्यावर सापडली. पुढच्या होळीला मोहनलालजी गेले हे मला इटारसीला एका गोंदियाच्या ड्रायव्हरनं सांगितलं. तेव्हा यायला हवं होतं. त्या दिवशी मी सर्कशीच्या मागं गेलो.

आता रुख्मामावशीनं जे सांगितलं ते. मिस्त्रींनी हत्याराला हात लावणं सोडलं आहे. दुकान बंद आहे, फोटोवाली काच त्यांनीच उतरवून ठेवली. दिवसभर बाजेवर बसून असतात. आणि रोज सकाळी तो सोन्याचा काटा पुढं घेतात, वाटीत मीठ घेतात, आणि मोजतात. डोळ्यांनी मोजतात, मग डोळे मिटून बोटांनी चिमूट घेतात आणि काट्यावर टाकून पाहतात. वीसदा, पंचवीसदा. मावशी म्हणाल्या, "दरदिवशी बरोबर येते बापू. एक दाणा इकडचा तिकडं नाई. मंग मलेच विचारते, आज बरोबर येते, त्या दिवशी काऊन नाई आलं व?" हे सांगून त्या म्हणाल्या, गाडी आली का पाय. त्यांना काही माहीत नाही. मिस्त्रींनाही नाही. फुटलेल्या पुंगळीचे तुकडे पोलिसांनी नेले, त्यांनी ते कधी हातात घेतलेच नाहीत. घेतले असते तर एका बोटानं ओळखलं असतं. आणि जाताना एक गोष्ट सहज म्हणून गेल्या. भरताना एक पुंगळी जरा कडक लागली होती असं ते सारखं सांगतात म्हणे. थांबले होते. बुडाचा ठिपका पाहिला, आणि आपलंच बोट म्हातारं झालं असेल म्हणून पुढं गेले.

तर खुमेंद्र, हे पत्र यासाठी. काडतूस कोणी बिघडवलं ते तुला आता कळलंच आहे. पण तेवढंच असतं तर मी नुसतं मिस्त्रींना लिहिलं असतं. तुला लिहायचं कारण वेगळं आहे. अंगणात तू ती पुंगळी चक्रीच्या घरात सरकवत होतास तेव्हा ती अर्ध्यात अडली. तू माझ्याकडे वळून म्हणालास, "दुर्गेश, हे जड जाऊन राहिली बे." त्या वेळी मला आठवलं. कपाट, ट्रे, सहावी, सगळं एकदम आठवलं. सगळं गाव उभं होतं, मोहनलालजी जेवून कपडे घालून खुर्चीत बसले होते, मिस्त्रींचं नाव सगळ्यांच्या तोंडात होतं, आणि मी हसून म्हणालो, "नवी हाय, दाब अंगठ्यानं, बसते." तू दाबलीस. एका श्वासाएवढा वेळ होता आणि तो मी असा घालवला. मावशींच्या पिशवीत वकिलाच्या कागदांमध्ये तुझा जबाब होता, तो मी वाचला. त्यात हे नाही. तू मला वाचवलंस, की मीच जोरानं दाबली म्हणून झालं असं धरून तीन वर्षं स्वतःलाच खात बसलास, हे मला माहीत नाही. दुसरं असेल तर सोड. तुझ्या अंगठ्याची चूक नव्हती आणि मिस्त्रींच्या चिमटीचीही नव्हती. माप बरोबर होतं. डाव्या हातानं सही करायला शिकलास असं मावशी म्हणाल्या, तर सोमवारी त्या सहीच्या वर तेवढं एक वाक्य घाल, की जड जात होती आणि दुर्गेश दाब म्हणाला. माझ्यासाठी काही वाचवू नकोस, मी तिथंच दारात उभा असेन, खिशात मिस्त्रींनी केलेला नमुना घेऊन, म्हणजे तो आणि पोलिसांकडचे फुटलेले तुकडे शेजारी ठेवून कोणालाही बोट लावून पाहता येईल. त्याच्या आधी मला त्यांच्या बाजेपाशी जाऊन, तो काटा बाजूला सरकवून, सांगायचं आहे. शनिवारी सकाळच्या गाडीनं निघतो. मध्ये कुठल्याही स्टेशनावर उतरणार नाही.

तू अजून म्हणू देत असशील तर, तुझाच
दुर्गेश